दारावरचे लाल हात

साकीनाका
१२ जानेवारी १९८६

आजी, नमस्कार.

सुकट पोचली. खालच्या खोलीतल्या सुंदराबाईंनी पिशवी सोडली आणि अख्ख्या चाळीला कळलं, की पोटमाळ्यावरच्या मास्तरीणबाई कोळ्यांच्या आहेत. त्यांनी तुझ्यासाठी ज्वारीच्या पापड्या बांधून ठेवल्यात. त्या जालन्याकडच्या. त्यांना वाटतं, मनोरीला फक्त मासेच उगवतात.

तू मागे विचारलंस, शाळेत चित्रकलेची नोकरी लागली, मग रविवारी पण कसले रंग फासत बसतेस? सांगते. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या पंधरा-वीस बायका रविवारी दुपारी सुंदराबाईंच्या खोलीत जमतात. आधी मी त्यांना फुलं-पानं शिकवायचे. एकदा म्हटलं, आज आपापल्या घराचं दार काढा. आजी, तासभर सगळ्या कागदावर वाकून होत्या. एकीने दाराला बाहेरून कुलूप काढलं. एकीने नुसती पायरी काढली आणि पायरीवर स्वतःला. मग एकेक बोलायला लागल्या. जे आईला सांगितलं नाही ते कागद पुढे सरकवून सांगायला लागल्या.

आता आम्ही ठरवलंय, महिला दिनाला चाळीची मोठी भिंत रंगवायची. आणि ज्या घरांची तयारी आहे त्यांच्या दारावर एक खूण काढायची. घरातून हाकललेली, मार खाऊन निघालेली बाई कुठल्याही वेळी ती खूण असलेलं दार वाजवेल, आणि ते दार उघडायचं. नवरा मागून आला तरी.

खूण कोणती, यावर मला आपलं घर आठवलं. मी लहान होते, तोंडात नारळीभाताचा गोड घास होता आणि दारावर लाल हात होते. दोन. ते आईचे ना? नवी सून घरात येताना कुंकवात हात बुडवून ठसे उमटवते, तसे? कुठे होते, किती उंचावर, बोटं पसरलेली का जुळलेली, एवढं लिही. आईची तेवढीच एक गोष्ट मला आठवते, जी चांगली आहे.

सगुणा


मनोरी
२१ जानेवारी १९८६

सगुणे,

तुझी दोन कार्डं आली. दुसरं आधी आलं, पहिलं चार दिवसांनी. म्हणजे आधी शेपूट वाचलं, मग डोकं. आणि घरचं बोलणं कार्डावर लिहू नये, एवढं तुझ्या चित्रकलेच्या शाळेत शिकवत नाहीत का? पोस्टमन मार्व्याच्या होडीत बसल्या बसल्या वाचतो. धक्क्याला उतरेपर्यंत चार जणांना माहीत. पुढच्या वेळी बंद पत्र घाल. मी दोन यत्ता शिकले, तिसरीत बापाने डोक्यावर माशांची पाटी दिली, तरी मला तेवढं कळतं. उशीर लागतो पण स्वतः लिहिते. दुसऱ्याच्या हातून लिहिलेलं पत्र म्हणजे उघड्यावर वाळत टाकलेला बोंबील, कावळा कधीही येतो.

बोंबील यंदा बरे आहेत. वलांडी भरून वाळत टांगलेत. शेजारच्या काशीरामने होडीला नवं इंजिन बसवलं आणि आता इंजिनाच्या आवाजात त्याला बायकोचं ऐकू येत नाही, म्हणून खूश आहे. माझा उजवा गुडघा धरलाय. पापड्या पाठव.

तू विचारलंस ते हात. होते. लग्नातलेच. पुसले गेले पुढे. दाराला दर नारळी पुनवेला होडीचा उरलेला रंग देतो, तुला माहीत आहे.

दुसऱ्यांच्या नवऱ्यांत पडू नको. दारावर पंजा काढणार म्हणतेस, इलेक्शन आहे का?

तुझी आजी
सोनूबाई


साकीनाका
२ फेब्रुवारी १९८६

आजी,

हे घे बंद पत्र. आता पोस्टमनला उपाशी ठेव.

इलेक्शन नाही गं. पण एका दारूड्याने तेच विचारलं. सुंदराबाई म्हणाल्या, हो, मी उभी आहे, आणि तुला पाडणार आहे.

तुझं पत्र वाचून मी वर पोटमाळ्यावर जाऊन रडले. बरं वाटून रडले. तू एका शब्दात लिहिलंस, "होते". मला वाटायचं मीच काहीतरी रचलंय. आजी, तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी सात वर्षांची असताना तू म्हणालीस, तुझी आई तुला टाकून गेली, मागे वळून पण बघितलं नाही. तेव्हापासून मी तिच्यावर रागावलेली आहे. ती अर्नाळ्याला माहेरी तापाने गेली असं कळलं, तेव्हाही मी रडले नव्हते. बायकांना म्हणते दार काढा, आणि मला स्वतःला आपलं दार काढता येत नव्हतं. आता त्या हातांपासून सुरुवात करून काढलं. ज्या बाईने हौसेने हात उमटवले, ती माझ्यावर माया करत नव्हती असं कसं असेल? निदान आधी तरी करत असेल.

तर खूण ठरली. लाल हात. सत्तावीस घरं तयार झाली आहेत. आणि तुला यायचं आहे. महिला दिन आठ मार्चला, पण शनिवारी कारखाने चालू, म्हणून आम्ही रविवारी नऊ तारखेला करणार. पहिला हात तुझा. सगळ्यांना सांगून बसले, ही माझ्या आजीच्या घरची रीत. मी मार्व्याला घ्यायला येते.

ती जाताना खरंच वळली नाही का गं?

सगुणा


मनोरी
१० फेब्रुवारी १९८६

सगुणे,

मला जमायचं नाही. वलांडीवर बोंबील आहेत, रविवारी मालाडचा बाजार, माझी जागा एक दिवस रिकामी दिसली की बाजूची शांताबाई टोपली सरकवते. तीस वर्षं सरकवते आहे, आता अर्धी माझ्या मांडीवर बसलीय. गुडघा आहेच. आणि मी येऊन काय करू, भाषण? मला शिव्या येतात, भाषण येत नाही.

आमच्या घरची रीत म्हणून सांगू नको. रीत-बीत काही नाही. भिंतीवर मासे काढ, मोर काढ, लोक वाहवा करतील. हात नको काढू.

एक विचारते. ती सत्तावीस दारं खरंच उघडतात का? का नुसती रंगवायची?

सोनूबाई


साकीनाका
१७ फेब्रुवारी १९८६

आजी,

उघडतात. ऐक.

गेल्या गुरुवारी भर दुपारी रतन आली. बिंदीच्या पाकिटांचं काम करते, वर्गात येते, कधी बोलत नाही. ओठ फुटला होता आणि एका पायात चप्पल. सुंदराबाईंच्या दारावर आम्ही सरावाला म्हणून एक हात काढून ठेवला होता, अजून ओला असेल. तिने तिथेच हात मारला. सुंदराबाई उठल्या, दार उघडलं, तिला आत घेतलं. पाच मिनिटांत नवरा आला. चाळ गोळा झाली. तो ओरडतोय, माझ्या घरातली भानगड आहे, तुम्ही कोण? सुंदराबाईंनी काय केलं असेल? दारातच बैठक मारली, विळी मांडली आणि वांगी चिरायला घेतली. म्हणाल्या, "ये की आत. विळीवरून ये." तो अर्धा तास ओरडला. त्यांनी चार माणसांची भाजी चिरली. मग तो गेला.

रतन इथेच आहे. पोराला पण परवा घेऊन आलो. ती काल पहिल्यांदा वर्गात बोलली. म्हणाली, "मला वाटलं होतं, दार वाजवल्यावर आतून कडीचा आवाज येईल." मग मी त्यांना आपल्या घराचं सांगितलं, तुझ्या सुनेचे हात सांगितले. आता सगळ्या त्या खुणेला सोनूबाईंचा हात म्हणतात. रतनने तुझ्यासाठी बिंदीचं पाकीट ठेवलंय. मी म्हटलं आजी लावत नाही, तर म्हणाली, मग आरशाला लाव म्हणावं.

हात नको काढू असं का लिहिलंस? तू असं कधी लिहीत नाहीस. शांताबाईला काय बसायचं ते बसू दे. तू ये.

सगुणा


मनोरी
२२ फेब्रुवारी १९८६

सगुणे,

हे पत्र एकटी असताना वाच. आधी तीन कागद लिहून चुलीत घातले. हा चौथा.

ते हात लग्नातले नव्हते. मी खोटं लिहिलं. तू कुंकू म्हणालीस, मी हो म्हटलं. सोपं होतं.

तो होडीचा रंग होता. तू पाच वर्षांची. नारळी पुनव दुसऱ्या दिवशी, सगळ्या होड्या किनाऱ्यावर रंगवायला घेतलेल्या. आपली होडी "सागरलक्ष्मी". तिच्यावर नाव काढायला तुझी आई बसली होती. वनमालाला सातवीपर्यंत शाळा होती आणि अक्षर असं, की रंगवायचा माणूस पण थांबून बघायचा. तुझ्यात ही चित्रकला कुठून आली, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, देव जाणे. देवाला कशाला मध्ये घालू. मला माहीत होतं.

दोन-चार गडी म्हणाले, वा वहिनी, आमच्या होडीचं पण काढा. हरेश्वरला ते खपलं नाही. तुझा बाप होता, माझा मुलगा होता, मेला आता, तरी लिहिते. त्याने लाल रंगाचा डबा लाथेने उडवला आणि सगळ्या किनाऱ्यादेखत तिला मारलं. पहिल्यांदा नव्हे. पण तोवर घरात मारायचा.

ती उठली ती सरळ घरी आली. हात कोपरापर्यंत लाल. मी तिला गल्लीच्या टोकाला बघितलं आणि ओळखलं, ही आता पोरीला घेऊन अर्नाळ्याला जाणार. तू ओट्यावर खेळत होतीस. मी तुला उचललं, आत आले आणि कडी घातली.

तिने दार वाजवलं. हात तसे उमटले. हौसेने नाही गं बाय.

तू म्हणशील, आजी घाबरली असेल. नाही. मी मालाडच्या बाजारात पोलिसाला पण टोपली मारलीय. मला घाबरायला होत नाही. मी हिशेब केला. पोर आत ठेवली की आई लांब जात नाही, बकरीचं तसंच करतात. दोन दिवस रुसेल आणि येईल, असं धरलं. आणि समोरच्या बायका ओट्यावर उभ्या होत्या. उद्या पुनव, होडीची पूजा, आणि सोनूबाईची सून पोरगी काखोटीला मारून निघाली, हे त्यांनी बघायला नको. मला पण तुझ्या आज्याने मारलं होतं. मी कुठे गेले होते? मी राहिले, मग ही का नाही राहणार? असं होतं माझ्या डोक्यात. अजून लिहिताना वाटतं, लिहू नये.

तू तोंड उघडलंस. "आई" म्हणायला. चुलीवर नारळीभात होता, पुनवेचा आदल्या दिवशीच केलेला, राखीला येणाऱ्या तुझ्या मामासाठी. मी तुझ्या तोंडात घास कोंबला. तू गिळलास की दुसरा. तुला गोड आठवतं ते हे.

ती गेली. नऊ दिवसांनी तिचा भाऊ आला, जमातीच्या पंचांपुढे बसला. पंचांनी सांगितलं, पोर बापाच्या घरची. मी पंचांना चहा दिला. त्याला नाही दिला.

ती तुला टाकून गेली नाही. टाकून गेली हे मी सांगितलं, कारण तू रोज विचारायचीस. तू तिच्यावर रागावलीस की विचारणं बंद होईल, असं वाटलं. बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पूजेला जमायच्या आत मी दार निळं रंगवलं. पण तू माझ्या आधी उठून बाहेर जाऊन बघून आली होतीस. तेवढं मला कळलं नाही, नाहीतर आज तुला हे पण आठवलं नसतं.

आता सांग त्या बायकांना, सोनूबाईंचा हात म्हणजे काय. रतनला आधी सांग. तिला ज्या कडीचा आवाज येईल असं वाटलं, ती माझी.

बोंबील पाठवत नाही यावेळी. पाठवायला तोंड नाही.

सोनूबाई


साकीनाका
४ मार्च १९८६

पत्र मिळालं.

आठवडाभर शाळेत मुलांना आगगाडी काढायला सांगून बसते आहे. वर्गात कुणाला काही बोलले नाही. फक्त सुंदराबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी पण एकदा बहीण आली होती. आम्ही पण कडी घातली होती. मी तेव्हा बारा वर्षांची. विळी मी उगाच घेऊन बसले का?" एवढंच म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला गेल्या.

मला भिंतीचं काय करायचं ते कळत नाही. ती खूण खोटी आहे. आणि रतन त्या खोट्या खुणेमुळे आत आली.

नऊ तारखेला येऊ नकोस.

एकच विचारते. ती दाराबाहेर काय बोलली? तू ते लिहिलेलं नाहीस. सगळं लिहिलंस, पंचांचा चहासुद्धा लिहिलास. ते गाळलंस. मला तुझे शब्द नकोत. तिचे लिही.

सगुणा


मनोरी
७ मार्च १९८६

सगुणे,

हे पोस्टात टाकलेलं नाही. काशीराम हातात देईल. सोबत काय आहे ते तुला दिसेलच, दोन माणसं लागतील उतरवायला. टेम्पोवाला ओळखीचा आहे, त्याला चहा पाज, जास्त बोलू देऊ नको.

तू बरोबर ओळखलंस, मी गाळलं. सोळा वर्षं गाळते आहे. लिहिते.

आधी म्हणाली, "आये, दार उघड." मी नाही उघडलं. मग म्हणाली, "मला आत घेऊ नको. नुसती सगुणा दे." हे तीनदा म्हणाली. आवाज चढवला नाही. शेजारणींना ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणजे माझी अब्रू ती बाहेर उभी राहून सांभाळत होती. मग तुला ठसका लागला. मी घाईने घास भरत होते, खोबऱ्याचा तुकडा अडकला. बाहेर ठोकायचं थांबलं. मग ती म्हणाली, "पाणी दे तिला आधी. खोबरं बारीक करून देत जा, तिच्या घशात अडकतं."

मी पाणी दिलं. तुझा ठसका थांबला, तो तिने ऐकला असणार. मग पावलं ऐकू आली.

हे तिचे शब्द. यात माझा एक पण नाही. ती वळली का ते मी बघितलं नाही. दार बंद होतं. वळली नाही असं तुला सांगितलं, ते न बघता सांगितलं.

त्या दिवसापासून आजवर तुझ्यासाठी खोबरं बारीक केलं. पाट्यावर दोनदा वाटायचे. तू म्हणायचीस, आजी, सगळ्यांच्या घरी खोबऱ्याचे तुकडे असतात, आपल्याकडेच का लगदा? त्याचं उत्तर आज आलं.

आता दाराचं. तू खूण खोटी म्हणालीस. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी कालवं काढायची कोयती घेतली आणि दार खरवडायला बसले. सोळा पुनवांचा रंग. वर हिरवा, मग पिवळा, मग दोनदा निळा, मग एक घाणेरडा चॉकलेटी, तो काशीरामने फुकट दिलेला. पोरं जमली, आजी येडी झाली म्हणाली. समोरच्या दोघी ओट्यावर आल्या. त्याच दोघी, आता दात पडलेत. मी म्हटलं, बघा नीट, त्या दिवशी पण बघत होतात. आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात खालच्या निळ्याखाली लाल लागलं. उजवा हात अख्खा आहे. डाव्याची चार बोटं आहेत, पाचवं माझ्या कोयतीने गेलं. उंची बघ, तुझ्या छातीएवढी. तिची आणि तुझी उंची सारखी. मी आपला हात वर ठेवून बघणार होते, पण ठेवला नाही.

मग काशीरामला बोलावलं आणि दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. तो काही विचारणार होता, इंजिन चालू नव्हतं तरी गप्प बसला.

ते तुझ्या भिंतीजवळ उभं कर. भिंतीला टेकवू नको, दोन्ही बाजूंनी माणसाला फिरता आलं पाहिजे. बाहेरून तुझ्या आईचे हात. आतल्या बाजूला कडी आहे, ती मी काढलेली नाही. घासली पण नाही. बायांना दोन्ही दाखव. आणि खाली माझं नाव लिही, नीट मोठ्या अक्षरात, तुझ्या आईच्या वळणाचं काढता येत असेल तर तसं. "सोनूबाईंचा हात" खोडून टाक. "सोनूबाईची कडी" लिही. सत्तावीस घरांतल्या सुना आणि सासवा येतील ना? सासवांना पुढे उभं कर.

मी येणार नाही. तू नको म्हणालीस, आणि या वेळी तू म्हणशील ते.

माझी काळजी नको करू. काशीरामने चौकटीला जुनं शीड टांगून दिलंय. वारा आला की फुगतं, घर चालायला लागल्यासारखं वाटतं. कुत्रं आत येतं. शांताबाई येऊन बसते, बाजारात मांडी पुरली नाही म्हणून. नवं दार करू का, असं सुताराने विचारलं. मी त्याला नको म्हटलं.

यायचं तर ये, नाही तर नको. ठोठावायला इथे काही ठेवलेलं नाही.

सोनूबाई